शनिवार-रविवारची चांदमारी : बेळगाव-निपाणी पट्ट्यातील माजी सैनिक आणि नवशिके नेमबाज

चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयांना ते शहर बाजारपेठ, इस्पितळे आणि महाविद्यालये यांसाठी परिचित आहे. त्याची लष्करी ओळख मात्र आपल्याकडे काहीशी विसरली गेली आहे. वस्तुतः डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेसाठी भारतीय सैन्य एकत्र आले ते याच शहराच्या परिसरात. मराठा लाइट इन्फंट्री या १७६८ पर्यंत वंशावळ सांगणाऱ्या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. इन्फंट्री स्कूलच्या कनिष्ठ नेतृत्वाचे आणि कमांडो प्रशिक्षणाचे विभाग येथे चालतात. सैनिकांच्या मुलांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून ओळखली जाणारी शाळाही येथेच आहे. कोल्हापूर संस्थानाची राजाराम रायफल्स ही पलटण संस्थान विलीन झाल्यावर याच रेजिमेंटमध्ये सामावली गेली. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी हे कर्नाटकातील आणि कागल, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ हे महाराष्ट्रातील तालुके मिळून जो पट्टा होतो, त्यात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत मुलगा धाडणारी घरे गावोगाव आढळतात. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावाच्या नावामागे तर ‘सैनिक’ हा शब्दच कायमचा जडला आहे.

या पट्ट्यात नेम धरण्याची विद्या नवी नाही. ती घराघरांत निवृत्त होऊन बसली आहे. शिपाई म्हणून भरती झालेला जवान साधारणतः पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. पंधरा-सतरा वर्षे त्याने रायफल हाताळलेली असते. साठीच्या पुढचे असतील त्यांनी ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, त्याहून वृद्ध असतील त्यांनी ‘थ्री नॉट थ्री’, आणि कारगिलनंतरच्या पिढीने इन्सास. घरी आल्यावर यांतील अनेक जण बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभे राहतात आणि पुढची वीस वर्षे निशाणावर एकही गोळी झाडत नाहीत. दुसरीकडे त्याच गावातील पंधरा-सोळा वर्षांची मुले पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांनी एनसीसीत फार तर पाच-दहा वेळा .२२ ची रायफल उडवलेली असते. या दोघांना शनिवार-रविवारी एका छताखाली आणून नेमबाजी शिकविणारा दोन दिवसांचा वर्ग ही कल्पना म्हणूनच या भागाला शोभणारी आहे. मात्र तिच्यात अडचणी आहेत, त्यांतील काही कायद्याच्या, तर काही खुद्द माजी सैनिकाच्या सवयींच्या. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पराभवातून निघालेली कल्पना

नागरिकांना सुटीच्या दिवशी रायफल शिकवावी ही कल्पना जन्मली ती सैन्याच्या फजितीतून. दक्षिण आफ्रिकेतील १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने ब्रिटिश फौजेला हैराण केले. त्यानंतर इंग्लंडमध्ये कामगारवस्त्यांतून छोट्या रायफल क्लबांची चळवळ पसरली आणि लॉर्ड रॉबर्ट्स या सेनानीने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. या क्लबांत पूर्ण ताकदीची सैनिकी रायफल वापरली जात नसे; .२२ ची लहान रायफल, तीही कमी अंतरावर, अनेकदा बंदिस्त जागेत. अमेरिकेत १९०३ मध्ये सरकारी पातळीवर नागरी नेमबाजीसाठी मंडळ नेमले गेले. निवृत्त सैनिक शिक्षक आणि तरुण विद्यार्थी ही जोडी तेव्हापासूनची आहे.

भारतात याच काळात नेमका उलटा प्रकार होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयाच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि युरोपीयांना त्यातून वगळले. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत असत, ते केवळ शस्त्रांसाठी नव्हते. या भेदभावाचा अपमान त्यामागे होता. परिणामी मराठा पलटणीचा जवान फ्रान्स, मेसोपोटेमिया आणि इटलीच्या रणांगणांवर नेमबाजी करीत होता, पण त्याच्या गावी त्याच्या धाकट्या भावाला रायफल पाहायलाही मिळत नव्हती. ‘चांदमारी’ हा शब्द त्या काळापासून आपल्या भाषेत आहे. चांद म्हणजे गोल निशाण. अनेक छावणी-शहरांत चांदमारी नावाची माळरानेही आहेत, मात्र ती सैन्याची आणि पोलिसांची. नागरिकाचा तिच्याशी संबंध दुरून आवाज ऐकण्यापुरता.

ही स्थिती बदलण्यास आरंभ झाला १९५१ मध्ये, भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेने. तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळणकर, जे पुढच्याच वर्षी लोकसभेचे पहिले सभापती झाले. मावळणकरांचे कर्मक्षेत्र अहमदाबाद, पण घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील. अखिल भारतीय पातळीवरील एका प्रमुख नेमबाजी स्पर्धेला त्यांचे नाव आहे आणि ‘मावळणकर खेळलो’ असे नेमबाज सहज म्हणून जातात. कोणते मावळणकर, हे विचारल्यास बहुतेकांना सांगता येत नाही, हा भाग वेगळा.

कोल्हापूरचे शेजार

निपाणीहून कोल्हापूर महामार्गाने सुमारे चाळीस किलोमीटर आहे. त्या शहराने गेल्या पंचवीस वर्षांत नेमबाजीत जे केले, ते पाहिल्यावर हा खेळ केवळ महानगरांतील श्रीमंतांचा आहे हा समज टिकत नाही. नौदलातील अधिकाऱ्याची कन्या तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला झाली. पिस्तुलात राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पोलिओने पाय गमावूनही रायफल न सोडणारा स्वरूप उन्हाळकर टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे बहात्तर वर्षांनी.

स्वप्नीलच्या त्या अंतिम फेरीत आपल्या विषयाला उपयुक्त असा एक धडा आहे. गुडघा टेकून आणि पालथे पडून झाडायच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो पदकांच्या बाहेर होता. त्याने तिसरा क्रमांक गाठला तो उभ्या स्थितीत. उभ्याने नेम धरणे ही तीनही स्थितींतील सर्वांत कठीण गोष्ट. आणि गंमत अशी की १० मीटर एअर रायफल हा जो प्रकार नवशिक्यांना प्रथम दिला जातो, तो संपूर्ण उभ्यानेच खेळावा लागतो. सैनिकाने मात्र आयुष्यातील बहुतेक गोळ्या पालथे पडून किंवा मोर्च्यातून, हाताला टेकू देऊन झाडलेल्या असतात. त्यामुळे पहिल्या शनिवारी सकाळी सुभेदारसाहेब आणि नववीतली मुलगी एकाच रेषेवर उभी राहतात तेव्हा त्यांच्यातील अंतर वाटते त्याहून बरेच कमी असते.

पहिला दिवस : गोळीविना

चांगल्या वर्गात पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही छर्रा सुटत नाही. मुलांना हे अजिबात आवडत नाही. आरंभ होतो तो सुरक्षेपासून. नळी सदैव निशाणाच्या दिशेने. नेम घेईपर्यंत बोट चापाबाहेर. हत्यार खाली ठेवताना त्याचा खटका उघडा आणि नळीत भडक रंगाची सुरक्षा-दोरी. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ या चार हुकुमांखेरीज रेषेवर दुसरा शब्द नाही, आणि ‘स्टॉप’ हा शब्द कोणीही, अगदी बारा वर्षांच्या मुलानेही, धोका दिसताच उच्चारावा. या बाबतीत माजी सैनिकासारखा शिक्षक नाही. भरलेले हत्यार आणि रिकामे हत्यार यांत तो भेद करीत नाही. कोतमधून काढलेली प्रत्येक रायफल तो तपासूनच हाती घेतो. मुलांना ही सवय व्याख्यानाने लागत नाही, ती पाहून लागते.

एअर रायफल म्हणजे खेळणे नव्हे, हेही याच वेळी सांगावे लागते. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीने या शस्त्राची प्रतिमा बिघडवली आहे. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. .२२ ची गोळी तर मोकळ्या माळावर दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते, म्हणून तिच्यासाठी मागे मातीचा उंच बांध असलेली मान्यताप्राप्त रेंजच हवी. छर्रे शिशाचे असतात. वर्गात खाणे-पिणे नाही आणि घरी जाण्यापूर्वी साबणाने हात धुणे सक्तीचे, हा नियम लहान मुलांच्या बाबतीत विशेष पाळावा लागतो.

त्यानंतर येतात मूलतत्त्वे. पलटणीतील प्रत्येक उस्तादाने ती हिंदीत घोकून घेतलेली असतात : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, योग्य ट्रिगर ऑपरेशन. तीन शब्दप्रयोगांत सारे शास्त्र आले आहे. क्रीडा-प्रशिक्षक त्यात आणखी दोन गोष्टी घालतात. पहिली, शरीराचा नैसर्गिक रोख. रायफल खांद्याला लावून नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम बाजूला सरकलेला दिसला तर रायफल हातांनी ओढून आणायची नाही; पावले हलवून सारे शरीरच फिरवायचे. हातांनी ओढलेला नेम चाप दाबण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातो. दुसरी, श्वास. अर्धा श्वास सोडल्यावर जो स्वाभाविक विसावा येतो, त्या सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. न सुटल्यास रायफल खाली. ‘आता सोडूनच टाकू’ म्हणून झाडलेली गोळी बहुधा वाया जाते.

चापाच्या अभ्यासासाठी सैन्यातील एक जुनी युक्ती आजही अप्रतिम आहे. एकाने रिकामी रायफल धरायची आणि दुसऱ्याने नळीच्या टोकाशी, माशीजवळ, नाणे ठेवायचे. चाप असा दाबायचा की खट् आवाज व्हावा आणि नाणे पडू नये. दहा वेळा न पडता जमले की जागा बदलायची. ही जोडी मुद्दाम एक माजी सैनिक आणि एक मूल अशीच लावावी, असे मला वाटते. पहिल्या दहा मिनिटांतच नाणे कोणाचे अधिक वेळा पडते, हे पाहून दोघांनाही हसू येते आणि वयाचा संकोच मोडतो.

दुसरा दिवस : जुन्या हाताला काय विसरावे लागते

येथे कथा खऱ्या अर्थाने सुरू होते, कारण सैनिकाला येणारी विद्या आणि खेळाला लागणारी विद्या यांत काही मूलभूत फरक आहेत. ते न ओळखता माजी सैनिकाला थेट प्रशिक्षक केले, तर मुले चुकीच्या सवयी शिकतात आणि दोष मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिला फरक वेगाचा. एसएलआरची गोळी नळीतून सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने निघते. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा सुमारे एकशे सत्तर मीटरने. अर्थात चाप सुटल्यानंतरही छर्रा नळीत तुलनेने दीर्घ काळ असतो. सैनिकाला सवय असते ती गोळी झाडून चटकन पुढच्या हालचालीला लागण्याची. युद्धात तेच योग्य. पण येथे चाप दाबताच रायफल हलवली तर छर्रा अजून नळीतच असतो आणि त्या हालचालीबरोबर भरकटतो. चाप दाबल्यानंतरही एक-दोन सेकंद नेम तसाच धरून ठेवणे, याला प्रशिक्षक ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. हा शब्द सैन्यातही आहे, पण एअर रायफल तो शब्द अक्षरशः पाळायला लावते.

दुसरा फरक चापाचा. सैनिकी रायफलीचा चाप काही किलोंचा जोर मागतो, कारण चिखलात, थंडीत, धावताना तो चुकून सुटता कामा नये. स्पर्धेच्या रायफलीचा चाप इतका हलका ठेवता येतो की पहिल्यांदा बोट लावणाऱ्या हवालदाराचे दोन-तीन छर्रे नेम धरण्यापूर्वीच निघून जातात. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचीही सवय आड येते. एअर रायफलला तो जवळजवळ नाही, तरीही एसएलआरवर वाढलेला माणूस धक्क्याच्या अपेक्षेने खांदा आवळतोच. हा आवळलेला खांदा सुटायला अनेकदा अख्खा रविवार लागतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांची, आणि ती सर्वांत नाजूक. चाळिशी उलटली की हातभर अंतरावरील वस्तू धूसर दिसू लागतात. नेमबाजीत दृष्टी निशाणावर नव्हे तर पुढच्या माशीवर स्थिर करावी लागते. निशाण धूसर असले तरी चालते. नेमकी तीच माशी वयस्कर माणसाला दिसेनाशी होते आणि ‘आता आपला नेम गेला’ असे म्हणून तो रायफल बाजूला ठेवतो. वास्तविक नेम गेलेला नसतो, भिंग गेलेले असते. स्पर्धेच्या रायफलीच्या मागील बाजूस अगदी बारीक छिद्राची डायॉप्टर साइट असते आणि पुढे माशीच्या टोकाऐवजी एक कडे. बारीक छिद्रातून पाहिल्यावर जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसू लागते, जसे डोळे बारीक केल्यावर दुरून येणाऱ्या बसची पाटी वाचता येते. काळा चांद त्या कड्याच्या मधोमध, चहूबाजूंनी सारखी पांढरी पट्टी ठेवून बसवला की झाले. चष्मा वापरण्यास स्पर्धेतही हरकत नाही. साठीच्या माजी सैनिकाने डायॉप्टरमधून प्रथम पाहिले की पुढची माशी आणि दूरचा चांद वर्षांनंतर पुन्हा एकदम स्वच्छ दिसतात, आणि ‘आपला नेम गेला’ हे त्याचे वाक्य तेथेच संपते. त्या एका गोष्टीसाठी दोन दिवस दिले तरी वाया जात नाहीत.

आकडे पाहिल्यावर हा खेळ किती सूक्ष्म आहे याची कल्पना येते. १० मीटर एअर रायफलच्या निशाणाचा व्यास ४५.५ मिलिमीटर, आणि त्यातील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एका वर्तुळापासून दुसरे वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. दोन साइटांमधील अंतर ऐंशी सेंटिमीटर धरले, तर पुढची माशी केवळ एक मिलिमीटर सरकली तरी दहा मीटरवर छर्रा साडेबारा मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहाऐवजी पाच गुण. रायफलचे वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो असू शकते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ती उभ्याने पेलावी ही अपेक्षाच चुकीची आहे; अशा मुलांना वर्गात स्टँडचा किंवा वाळूच्या पिशवीचा आधार द्यावा आणि नेम व चाप एवढेच शिकवावे. उभे राहणे पाठीच्या स्नायूंबरोबर येईल. घाईने उभे केलेली मुले कंबर वाकवून रायफल पेलतात आणि ती खोड पुढे मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘ग्रुपिंग’. पाच छर्रे एकाच नेमाने झाडायचे आणि मगच कागदाकडे जायचे. पाचही छर्रे डावीकडे वर, पण एकमेकांना चिकटून असतील तर नेमबाज चांगला आहे. साइटचे खटके फिरवून पुंजका मध्यभागी आणता येतो. पाचही छर्रे कागदभर विखुरले असतील, तर त्यांतील एखादा दहाला लागला तरी त्याचा अभिमान नको. उभ्या रेषेत पसरलेले छर्रे बहुधा श्वासाची चूक सांगतात, तर उजव्या हाताच्या माणसाचे खाली उजवीकडे गेलेले छर्रे बहुधा चाप हिसकल्याची. प्रत्येक छर्ऱ्यानंतर साइट फिरवणारा नवशिका दिवसभर स्वतःच्या चुकांचा पाठलाग करीत राहतो. येथे सैनिकाचा जुना अनुभव पुन्हा कामी येतो, कारण बटवर उभे राहून दुसऱ्याचा पुंजका वाचण्याचे काम त्याने शेकडो वेळा केलेले असते.

कायदा आणि सीमारेषा

शस्त्रकायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा साधारण आठ ज्यूलच्या आसपास असते. म्हणून दोन दिवसांचा वर्ग घ्यायचा तर तो एअर रायफलचाच घ्यावा. शाळेच्या सभागृहात, मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणाऱ्या पेट्या लावून, दारे कुलूपबंद करून तो घेता येतो. .२२ आणि त्यावरील प्रत्येक शस्त्र परवान्याचे. एकवीस वर्षांखालील मुलाला स्वतःच्या नावे परवाना मिळत नाही. प्रशिक्षणासाठी नियमांत स्वतंत्र तरतूद आहे, आणि तिचा लाभ मान्यताप्राप्त क्लबाच्या देखरेखीखालीच घेता येतो. घरातील पीकसंरक्षणाची किंवा बँकेच्या नोकरीची बंदूक वर्गात आणणे सर्वथा वर्ज्य. तिचा परवाना ज्या कारणासाठी आहे, त्या कारणापुरताच तो आहे.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. परवान्यावर त्याचे कार्यक्षेत्र लिहिलेले असते. कागलच्या माजी सैनिकाकडे केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असेल, तर शस्त्र घेऊन निपाणीला येणे हा गुन्हा ठरतो, मग ते गाव त्याच्या शेतातून दिसत का असेना. परवाना देणारा अधिकारीही एकच नाही. बेळगाव शहरात पोलीस आयुक्त, तर निपाणी, चिकोडी, हुक्केरीसाठी जिल्हाधिकारी. निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे पोलिसांत जमा करण्याचे आदेश निघतात. बँकेचे रखवालदार आणि नोंदणीकृत नेमबाज यांना त्यातून सामान्यतः सूट मिळते, पण ती मागावी लागते. आणि दोन राज्यांच्या निवडणुका एका वेळी येत नाहीत.

खेळाडूच्या मार्गातही हीच रेषा आडवी येते. निपाणीच्या मुलाला स्पर्धेत उतरायचे तर कर्नाटकाच्या राज्य संघटनेतून, म्हणजे बंगळूरच्या दिशेने. त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर घडलेल्या परंपरेशी त्याचे अधिकृत नाते नाही. सराव शेजारच्या राज्यात करायला कोणी अडवत नाही, पण निवड, शिष्यवृत्ती आणि शासकीय मदत हे सारे रहिवासाच्या दाखल्याप्रमाणे चालते. भाषेच्या प्रश्नावर सीमाभागात जे साठ-सत्तर वर्षे बोलले गेले, त्यात या लहान गोष्टीला जागा मिळाली नाही हे समजण्यासारखे आहे. पण बाराव्या वर्षी रायफल हाती घेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ती लहान नाही. दोन्ही राज्यांतील माजी सैनिक-संघटनांनी एकत्र येऊन एअर रायफलचा वर्ग एकदा कागलला, एकदा निपाणीला असा फिरता ठेवला, तर त्यासाठी कोणत्याही सरकारची नवी परवानगी लागत नाही. शाळेची संमती, पालकांची लेखी परवानगी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आगाऊ पत्र एवढे पुरेसे व्हावे. पोलिसांना आधी कळविणे हे कायद्याहून व्यवहाराचे आहे. रविवारी सकाळी सभागृहातून टकटक आवाज ऐकू आला की शेजारी फोन करतातच.

नवे माजी सैनिक

या साऱ्याला आता घाईचे एक कारण मिळाले आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांना चार वर्षांनंतर नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेले घरी परततात. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी प्रशिक्षण केंद्रांवर दाखल झाली, तेव्हा त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. म्हणजे बेळगाव, निपाणी, गडहिंग्लजच्या गावांत लवकरच बावीस ते सत्तावीस वर्षांचे माजी सैनिक दिसू लागतील. डोळे तरुण, खांदे भक्कम, प्रशिक्षण ताजे, आणि पेन्शन नाही. गोव्याचे तरुण कोल्हापूरच्या भरती कार्यालयातून सैन्यात जातात, त्यामुळे पेडणे, सत्तरी, काणकोणच्या घरांनाही हा प्रश्न परका नाही. या वयात स्पर्धात्मक नेमबाजी नव्याने सुरू करता येते. सैन्याच्या महू येथील मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या सुभेदार विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळविले, ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास. प्रत्येक जण विजय कुमार होणार नाही, हे उघड आहे. पण शाळेतील एअर रायफलच्या वर्गाला शिस्तीचा, सुरक्षेत मुरलेला आणि अजून शिकण्याची तयारी असलेला सहायक प्रशिक्षक हवा असेल, तर तो याच तरुणांत सापडेल. त्याने आधी स्वतः क्रीडा-नेमबाजीचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे, एवढीच अट.

युद्धात वा अपघातात अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठीही हा खेळ खुला आहे. पुण्याजवळ खडकीच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्राने खेळाला उपचारांइतकेच महत्त्व दिले आहे. पॅरा नेमबाजीत हाताची ताकद शाबूत असलेले खेळाडू आणि रायफलला स्टँड लागणारे खेळाडू असे वेगळे वर्ग आहेत, त्यामुळे चाकांच्या खुर्चीतील माणसाला वर्गातून परत पाठविण्याचे काहीच कारण नाही. दाराला उतार आहे की नाही, एवढे आयोजकांनी आधी पाहावे.

दोन दिवसांत कोणी नेमबाज होत नाही. रविवारी संध्याकाळी मुलाच्या हाती दोन कागद द्यावेत : शनिवारी झाडलेला पहिला पुंजका आणि रविवारचा शेवटचा, दोन्हींवर तारीख. घरी रायफल नसली तरी सराव थांबत नाही. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला मोहरीएवढा ठिपका काढावा, दीड किलो वाळू भरलेली बाटली दोन्ही हातांत धरून पावले, कंबर आणि श्वास जसे शिकवले तसे ठेवून रोज पंधरा मिनिटे उभे राहावे. पुढच्या महिन्याच्या वर्गाला तोच कागद घेऊन यायचे, आणि नवा पुंजका त्याच्याच शेजारी काढायचा.